फ्रीलान्सर म्हणून घेतलं, कर्मचारी ठरल्या: जर्मनीतल्या एका नेमणुकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सत्तर माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं आहे. गोदामातल्या मालाची आवक-जावक सांभाळणारी प्रणाली ती बनवते. कंपनी युरोपीय संघाबाहेरची. २०२२ च्या अखेरीस तिला जर्मनीत पहिला मोठा ग्राहक मिळाला. ग्राहकाची एकच अट होती: गोदामात काही अडलं तर त्याच दिवशी येऊन बघणारं, जर्मन बोलणारं कुणीतरी हवं. मी तेव्हा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचं काम बघत होते. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत आणि रकमा ढोबळ आहेत, पण निर्णयांचा क्रम घडला तसाच ठेवला आहे.

नेमणुकीच्या बैठकीत कायद्यावर चर्चा झाली ती जेमतेम पाच मिनिटं. संचालकांनी कुठेतरी ऐकलं होतं की जर्मनीत एकदा माणूस नोकरीवर घेतला की काढता येत नाही. ते खरं आहे का, असेल तर कोणाला लागू आहे, हे आमच्यापैकी एकानेही तपासलं नाही. त्या एका भीतीपोटी ठरलं की नोकरी द्यायचीच नाही, फ्रीलान्सर म्हणून घ्यायचं. आमच्याकडे सल्लागारांसाठीच्या कराराचा तयार नमुना होता. त्यात नाव आणि रक्कम बदलली. कायदा आमच्या देशाचा, न्यायालय आमच्या शहरातलं, दोन्ही बाजूंना ३० दिवसांची नोटीस. फेब्रुवारी २०२३ पासून एक अनुभवी अभियंता महिन्याला सरासरी ५,००० युरोच्या बिलावर रुजू झाल्या.

त्या कामाला चोख होत्या. त्यामुळे आम्ही त्यांना अधिकाधिक आपल्यात ओढत गेलो. लॅपटॉप दिला, कंपनीचा ईमेल दिला, रोज सकाळच्या मीटिंगला बसवलं. सपोर्टच्या पाळ्यांच्या तक्त्यात त्यांचं नाव दोन कायम कर्मचाऱ्यांच्या मधल्या ओळीत होतं. दुसरा ग्राहक घेण्याइतका वेळ त्यांच्याकडे उरला नाही आणि तो उरू नये अशीच आमची इच्छा होती.

अडचण कशी उभी राहिली

मार्च २०२५ मध्ये त्या ग्राहकाने दोनपैकी एक गोदाम बंद केलं. खर्च कमी करायचा म्हणून आमच्या प्रकल्पप्रमुखांनी एका गुरुवारी संध्याकाळी अभियंताबाईंना चार ओळींचा ईमेल पाठवला: करारातल्या कलमानुसार ३० दिवसांची नोटीस देत आहोत, सहकार्याबद्दल आभार.

पुढच्या बुधवारी त्यांच्या वकिलाचं पत्र आलं. तीन मुद्दे होते. आमच्या अशील तुमच्या कर्मचारी आहेत. ईमेलने दिलेली नोटीस कायद्याने शून्य आहे, म्हणून नोकरी चालूच आहे. आणि त्यांचा दर्जा ठरवून घेण्यासाठी आम्ही संघीय पेन्शन विमा संस्थेकडे, म्हणजे डॉइचे रेंटनफेरझिशरुंग बुंडकडे, अर्ज करणार आहोत.

पत्राला अकरा पुरावे जोडले होते. त्यातले दोन मी विसरू शकत नाही. एक म्हणजे वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म. वर ठळक अक्षरांत ‘कर्मचारी मूल्यमापन’, खाली त्यांचं नाव, पाचपैकी चार गुण आणि प्रकल्पप्रमुखांची सही. दुसरा माझ्याच विभागातून गेलेला ईमेल होता: ‘त्या आठवड्यात रिलीज आहे, रजा मंजूर करता येणार नाही. पुढच्या महिन्यात बघू.’ स्वतंत्र व्यावसायिकाची रजा आपण मंजूर करत नाही, म्हणून नाकारूही शकत नाही. सव्वीस महिन्यांत हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

जर्मन सामाजिक विमा कायद्याचा नियम असा की काम कोणाच्या सूचनेनुसार चालतं आणि ती व्यक्ती कामाच्या घडीत किती सामावलेली आहे, यावरून नोकरी ठरते. करारावरचं शीर्षक शेवटी बघितलं जातं, आणि प्रत्यक्ष वागणं वेगळं असेल तर ते बाजूला पडतं. असल्या दिखाऊ फ्रीलान्सिंगसाठी जर्मनमध्ये शाइनझेल्बस्टेंडिगकाइट असा रुळलेला शब्दच आहे. आमचं प्रकरण त्या शब्दाच्या व्याख्येत जवळजवळ पूर्ण बसत होतं.

रक्कम किती?

आम्ही जर्मनीतला कामगार कायद्याचा वकील गाठला. पहिल्याच फोनवर आमचे वित्तप्रमुख म्हणाले, ‘विम्याची अर्धी वर्गणी त्या भरतील, अर्धी आपण. एवढं काय त्यात?’

तिथेच खरा धक्का बसला. जर्मनीत पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि दीर्घकालीन शुश्रूषा या विम्यांची वर्गणी मिळून पगाराच्या सुमारे ४१ टक्के होते आणि ती मालक व कर्मचारी साधारण निम्मी-निम्मी उचलतात. पण विमा यंत्रणेला ती भरून देण्याची जबाबदारी एकट्या मालकाची. कर्मचाऱ्याचा हिस्सा वेळेवर कापला नाही, तर तो पुढच्या फक्त तीन पगारांतून कापता येतो. त्यामागचा सगळा हिस्सा मालकाच्या माथी. ५,००० युरोवर महिन्याला दोन हजारांहून थोडे जास्त, सव्वीस महिन्यांचे सुमारे ५३,००० युरो. त्यावर थकलेल्या प्रत्येक महिन्याला एक टक्का विलंब आकार.

वकिलांनी मग मुदतीचा मुद्दा काढला. साधी थकबाकी चार वर्षांनी कालबाह्य होते, ज्या वर्षात ती देय झाली ते वर्ष संपल्यापासून मोजून. जाणूनबुजून बुडवलेली वर्गणी मात्र तीस वर्षं वसूल करता येते. शिवाय हेतू सिद्ध झाला तर दिलेली रक्कम हातात पडलेला निव्वळ पगार समजून त्यावर कर आणि वर्गणी उलटी चढवली जाते, म्हणजे आकडा आणखी फुगतो. दंडसंहितेच्या कलम २६६अ खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूदही आहे. ते म्हणाले, ‘आजपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं, असं तुम्ही म्हणू शकता. या फोननंतर म्हणता येणार नाही.’ माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण तो होता. त्या दिवसापासून गप्प बसणं हादेखील एक निर्णय ठरणार होता.

ज्या भीतीने सगळं केलं, ती भीती

याच फोनवर मी विचारलं, की त्यांना पहिल्यापासून नोकरीवर घेतलं असतं आणि आज कमी करायचं असतं, तर काय करावं लागलं असतं?

नोकरीवरून कमी करण्याविरुद्धचं जे कडक संरक्षण जर्मनीची ओळख बनलं आहे, ते सहा महिन्यांच्या नोकरीनंतर आणि आस्थापनेत दहापेक्षा जास्त कर्मचारी असतील तरच लागू होतं. मोजताना जर्मनीतले कर्मचारी धरतात. आमचे उरलेले सत्तर त्यात येत नव्हते. आमचा तिथे एकच माणूस. म्हणजे प्रोबेशनच्या सहा महिन्यांत दोन आठवड्यांची नोटीस पुरली असती. त्यानंतर पंधरा तारखेला किंवा महिनाअखेरीला संपणारी चार आठवड्यांची, आणि दोन वर्षं पूर्ण झाल्यावर महिनाअखेरीला संपणारी एक महिन्याची. गरोदरपणासारख्या खास परिस्थितीत लहान आस्थापनेलाही बंधनं आहेत, भेदभाव किंवा सूडबुद्धीने कुणाला काढता येत नाहीच. पण ‘एकदा घेतला की काढता येत नाही’ हे आमच्यासारख्यांच्या बाबतीत खरं नव्हतं.

अट होती ती वेगळीच. नोटीस कागदावर, हाताने सही केलेली आणि मूळ प्रत पोचती केलेली हवी. ईमेल, स्कॅन, इलेक्ट्रॉनिक सही यातलं काहीच चालत नाही. सही करणाऱ्याकडे तसा अधिकार असल्याचं मूळ अधिकारपत्र सोबत नसेल, तर त्याच कारणावरून समोरची व्यक्ती ती नोटीस लगेच परत करू शकते. एरवी नोटीशीविरुद्ध कामगार न्यायालयात जायला कर्मचाऱ्याला तीन आठवडे मिळतात. आमच्या ईमेलने ती मुदत सुरूसुद्धा झाली नव्हती.

जी गोष्ट एका महिन्याच्या नोटिशीत झाली असती, तिला घाबरून आम्ही जिच्याकडे बघितलंच नाही अशी ५३,००० युरोची जबाबदारी डोक्यावर घेतली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय संचालकांचा: लढायचं. करारात आमचा कायदा आणि आमचं न्यायालय लिहिलं आहे, त्यांनी इकडे येऊन दावा लावावा. हा मार्ग अर्ध्या तासात बंद झाला. युरोपीय संघाच्या रोम-१ नियमावलीच्या आठव्या अनुच्छेदानुसार करारात कुठलाही कायदा निवडला तरी, माणूस नेहमी जिथे काम करतो तिथल्या कायद्याचं सक्तीचं संरक्षण काढून घेता येत नाही. न्यायालयाचंही तसंच. मालक संघाबाहेरचा असला तरी कर्मचारी आपल्या कामाच्या ठिकाणी दावा लावू शकतो, आणि वाद उभा राहण्याआधी लिहून घेतलेली न्यायालयाची निवड त्याच्यावर बंधनकारक ठरत नाही.

दुसरा, त्यांना एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायचं. बऱ्याच कंपन्या हेच करतात आणि आमचाही कल तिकडे होता. पण सामाजिक विम्याची वर्गणी ही काही कर्मचाऱ्याने सोडून द्यायची गोष्ट नव्हे. त्यांनी ‘माझी काही तक्रार नाही’ असं लिहून दिलं तरी विमा संस्थेचा हक्क तसाच राहतो. तपासणी तीन वर्षांनी आली असती, तर तोवर आमचं ‘माहीत नव्हतं’ हे म्हणणं टिकलं नसतं.

तिसरा पर्याय म्हणजे मधल्या कंपनीमार्फत नोकरी: कागदावर मालक ती, काम आमचं. तीन कंपन्यांची दरपत्रकं मागवली. एकीने पाठवलेल्या कराराचं नाव नुसतं ‘सेवा करार’ होतं. आमच्या वकिलांनी लगेच विचारलं, परवाना कुठे आहे? जर्मनीत आपला कर्मचारी दुसऱ्याच्या सूचनेखाली कामाला देणं हा मनुष्यबळ पुरवठा ठरतो आणि त्याला सरकारी परवाना लागतो. करारात ते स्पष्ट लिहावं लागतं आणि एकच माणूस त्याच ठिकाणी सर्वसाधारणपणे १८ महिन्यांपर्यंतच देता येतो. परवाना नसेल, तर कायदा थेट आमच्यातच नोकरीचं नातं आहे असं मानतो, म्हणजे ज्या खड्ड्यातून निघायचं त्याच खड्ड्यात परत. उरलेल्या दोघींकडे परवाना होता, पण जुनी थकबाकी त्यांच्यामुळे मिटणार नव्हती.

चौथा, जर्मनीत उपकंपनी काढायची. २५,००० युरोचं भागभांडवल, नोंदणीवेळी त्यातले निदान १२,५०० भरलेले, मग हिशेबनीस, वार्षिक ताळेबंद. एका माणसासाठी हे जड होतं.

पाचवा आम्हाला माहीतच नव्हता. तिथे शाखा नसलेली परदेशी कंपनीसुद्धा जर्मनीत थेट मालक होऊ शकते. रोजगार संस्थेकडून मालकाचा क्रमांक घ्यायचा, अपघात विम्यासाठी व्यवसायाच्या विमा मंडळात नाव नोंदवायचं आणि स्थानिक पगार-हिशेबनीसाकडे काम सोपवायचं. कंपनीचं तिथे कर-दृष्ट्या कायमस्वरूपी ठाणं, म्हणजे ज्यामुळे तिच्या नफ्यावर तिथे कर लागतो असं अस्तित्व, नसेल तर पगारातून आयकर कापण्याचं बंधनही तिच्यावर नसतं. कर्मचारी स्वतः आगाऊ कर भरतो.

ठाण्याच्या प्रश्नावर आम्ही कर सल्लागाराचं लेखी मत घेतलं. अभियंताबाई तांत्रिक काम करत होत्या, सौदे ठरवत नव्हत्या, म्हणून आमच्या बाबतीत धोका कमी होता. हाच माणूस विक्रीचा असता, तर उत्तर बदललं असतं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या नमुना कर-करारात २०१७ च्या सुधारणेनंतर, कराराला मुख्यतः कारणीभूत ठरणारी व्यक्तीही कंपनीचं ठाणं निर्माण करू शकते, मग सही भले मुख्यालयात होवो.

काय केलं

सगळ्यात आधी नोटीस मागे घेतली, आणि तीही कागदावर. मग मी स्वतः अभियंताबाईंना फोन केला. वकिलांनी काय बोलायचं नाही याची यादी दिली होती, पण माफी मागायला त्यांची हरकत नव्हती. त्या शांतपणे म्हणाल्या की पैशांपेक्षा त्यांना जास्त लागलं ते मागच्या हिवाळ्यात तापात काढलेले नऊ दिवस. पैसे बुडतील म्हणून त्या पाचव्या दिवशी कामावर आल्या होत्या. कर्मचारी म्हणून त्यांना सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगाराची आजारपणाची रजा मिळाली असती. पाळ्यांच्या तक्त्यात त्या पाच दिवसांची घरं मी तेव्हा बघितली होती आणि ‘लवकर रुजू झाल्या’ म्हणून खूश झाले होते.

दर्जा ठरवण्याचा अर्ज मग दोघांनी मिळून केला. तथ्यं लपवायची नाहीत असं ठरलं आणि तक्ते, ईमेल, मूल्यमापन सगळं आम्हीच जोडलं. यावर कंपनीत वाद झाला. वित्तप्रमुखांचं म्हणणं, आपणच आपल्याविरुद्ध पुरावे का द्यायचे? पण ते पुरावे समोरच्या वकिलांकडे होतेच. आमच्याकडे उरला होता तो फक्त प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचा मार्ग.

रजेचा हिशेब वेगळा करावा लागला. जर्मनीत पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस पगारी रजा आहे. त्यांनी घेतलेली सगळी सुट्टी बिनपगारी होती. मागच्या वर्षांची रजा बुडाली असेल, असा आमचा समज होता. २०१७ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने ब्रिटनमधल्या ‘किंग विरुद्ध सॅश विंडो वर्कशॉप’ या खटल्यात तो खोटा ठरवला आहे: स्वयंरोजगारी समजून ज्याला पगारी रजा दिलीच नाही, त्याची रजा साचत राहते. हिशेब चाळीस दिवसांच्या वर गेला. काही रजा पुढे घ्यायची, उरलेल्या रजेपोटी ठरावीक रक्कम द्यायची, अशी लेखी तडजोड झाली.

नवा नोकरीचा करार ४,७०० युरो मासिक पगाराचा झाला. आता विम्याचा पूर्ण भार त्यांच्यावर नव्हता, म्हणून बिलाच्या रकमेपेक्षा कमी आकडाही त्यांना परवडत होता. मालकाचा हिस्सा धरून आमचा खर्च सुमारे ५,७०० युरोवर गेला.

कागदापेक्षा कामाची घडी बदलणं कठीण गेलं. रात्री साडेअकरापर्यंत रिलीज आणि सकाळी सातला मीटिंग हे आमच्याकडे नेहमीचं होतं. जर्मनीत दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग ११ तास विश्रांती द्यावी लागते, दिवसाला दहा तासांची कमाल मर्यादा आहे आणि सरासरी आठवर आणावी लागते. सप्टेंबर २०२२ मधल्या संघीय कामगार न्यायालयाच्या निकालानंतर कामाचे तास नोंदवणंही मालकाचं काम आहे. पाळ्यांचा तक्ता नव्याने मांडला. पगाराची तारीखही हलवावी लागली. सगळी वर्गणी एकत्रितपणे कर्मचाऱ्याच्या आरोग्य विमा निधीकडे जाते आणि ती त्याच महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवशी देय असते. आमचा पगार पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला व्हायचा. पहिल्याच महिन्यात ती तारीख चुकली आणि विलंब आकार भरावा लागला.

निष्पत्ती

सुमारे चार महिन्यांनी निर्णय आला: पहिल्या दिवसापासून नोकरी. थकबाकी भरली. विलंब आकारात वकिलाचं पत्र येण्याआधीच्या काळापुरती सूट मिळाली आणि हेतूचा प्रश्न उपस्थित झाला नाही. दर महिन्याला ७०० युरो वाचवतोय असं आम्ही सव्वीस महिने मानत होतो. म्हणजे १८,००० युरो वाचले आणि वकिलांची फी, रजा सोडून ५३,००० गेले.

अभियंताबाई अजून कंपनीत आहेत. बंद झालेल्या गोदामाच्या जागी मिळालेला नवा ग्राहक त्यांच्याच ओळखीतून आला.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवातीचे दोन-तीन महिने फ्रीलान्सिंगवर काढणं मला आजही गैर वाटत नाही, पण ते खरोखर फ्रीलान्सिंग असायला हवं: ठरलेलं काम, ठरलेली रक्कम, त्यांची साधनं, त्यांचं वेळापत्रक, इतर ग्राहक घेण्याची मोकळीक. शंका असेल तर दर्जाचा अर्ज आधीच करता येतो. एप्रिल २०२२ पासून काम सुरू होण्यापूर्वीही निर्णय मागता येतो. काम सुरू झाल्यापासून एका महिन्यात अर्ज केला, तर काही अटींवर विम्याचं बंधन निर्णयाच्या तारखेपासूनच सुरू होतं. हा एक महिना आम्हाला माहीत असता, तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

वकिलाला विचारायचा प्रश्नही मी बदलेन. ‘काढता येईल का?’ ऐवजी ‘आमच्याएवढ्या कंपनीला या देशात सगळ्यात महाग पडणारी चूक कोणती?’ असं विचारेन. उत्तर देशागणिक वेगळं येतं. या वर्षी नेदरलँड्समध्ये एक जागा भरायची होती. हाच प्रश्न आधी विचारला. उत्तर आलं, आजारपण. तिथे मालकाला आजारी कर्मचाऱ्याला दोन वर्षांपर्यंत किमान ७० टक्के पगार द्यावा लागतो आणि त्यांच्या पुनर्वसनाचीही जबाबदारी घ्यावी लागते. त्या जोखमीचा विमा मिळतो. त्याचा हप्ता अंदाजपत्रकात धरला, नोकरीचं पत्र त्यानंतर गेलं.